झाडांवर चढलेला उजेड

पारशिवनी मागे पडली की पहिल्या वळणानंतर बाभळी सुरू होतात. हिवाळ्यात त्यांच्या काट्यांना कापूस लागलेला असतो. गच्च भरलेल्या गाड्या फांद्यांना घासून जातात आणि मागे पांढरे पुंजके थरथरत राहतात, दिवसा उन्हात आणि मग अंधारात. गेल्या हिवाळ्यात परतीच्या वाटेवर ते पुंजके मला अंधारातही एकेक करून मोजता आले असते. रस्ता मात्र दिसत नव्हता.

या दोन गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या असत्या तर पुढचे बरेच काही टळले असते. पण अस्वस्थ माणूस दिसते त्याचा अर्थ लावत बसत नाही. काहीतरी करायला धावतो. मीही धावले.

दर शनिवारी दुपारी मी नागपूरहून गाडी काढते आणि पारशिवनीच्या पलीकडच्या आमच्या गावी जाते. तिथे वडील राहतात. एसटीच्या नोकरीत त्यांनी उभा जन्म बस चालवली. आता ऐंशी ओलांडली आहे, नजर अंधुक झाली आहे आणि दोन वर्षांपूर्वी ओसरीवरून पडल्यापासून काठीशिवाय त्यांचे पाऊल उचलत नाही. आई नाही. स्वयंपाकपाणी करणारी एक मावशी त्यांच्यापाशीच राहते. आठवड्यातून एकदा, शनिवार दुपारपासून रविवार संध्याकाळपर्यंत, ती सावनेरला आपल्या मुलीकडे जाते आणि तेवढे तास वडिलांजवळ मी असते. रविवारी तिची बस सहाच्या सुमाराला फाट्यावर येते. तिचे पाऊल अंगणात पडेपर्यंत मला निघता येत नाही, आणि सोमवारी सकाळी आठला मला कॉलेजात कविता शिकवायची असते. दिवाळीनंतर सहा म्हणजे काळोख. थोडक्यात, वडिलांचे त्या घरातले राहणे माझ्या त्या दीड तासाच्या परतीवर टेकलेले होते. हे मला ठाऊक होते, आणि पुण्याला राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावालाही.

चूक झाली ती त्याच्याशी बोलताना. डिसेंबरच्या आरंभी एका रविवारी, कापसाने भरलेली एक बैलगाडी मला अगदी जवळ जाईपर्यंत दिसली नाही. समोरून येणारा प्रत्येक कोळशाचा ट्रक माझ्यावर डोळे वटारत होता. त्याचा प्रखर झोत पुन्हा पुन्हा माझ्या काचेवर आपटत होता आणि तो गेल्यावर उरणारा अंधार अधिकच दाट होत होता. अशाच एका अंधारातून ते लाकडी चाक एकाएकी वर आले. ब्रेक दाबल्यावर रबर जळाल्याचा वास आला, बैलाच्या गळ्यातली घंटा एकदाच वाजली, आणि गाडीवाला मागे वळूनही न पाहता पुढे गेला. घरी पोहोचून कुलूप काढत होते तेव्हाच भावाचा फोन आला, आणि मी सांगून टाकले.

त्याने सारे ऐकून घेतले. मग म्हणाला, "ताई, तुला दिसत नसेल तर रविवारी गाडी चालवायची नाही. आणि तू जाणार नसशील तर बाबांना तिथे ठेवायचं नाही. संक्रांतीला मी येतोय. तोपर्यंत काही जमतंय का बघ, नाहीतर मी त्यांना पुण्याला घेऊन जातो."

त्याच्या बोलण्यात कुठेही वैर नव्हते, म्हणून ते अधिक लागले. सहाव्या मजल्यावरच्या त्याच्या घरात वडिलांची काठी कुठे उभी राहील, ते मला दिसत होते. दाराबाहेर अंगण नाही, ओळखीची हाक नाही, रस्त्याने जाणारी बस कोणत्या गिअरमध्ये आहे हे नुसत्या आवाजावरून ओळखून मान डोलावणे नाही.

मी आधी डोळे तपासून घेतले. डॉक्टरांनी बुबुळांवर थेंब टाकून, अंधारात बसवून, निवांतपणे पाहिले आणि चष्म्याचा नंबर होता तोच कायम ठेवला. मग उरली गाडी. दिव्यांचा पिवळा उजेड मला म्हातारा, थकलेला वाटू लागला होता. कॉलेजातल्या एका सहकाऱ्याने सांगितले की बर्डीच्या बाजारात एका मागच्या गल्लीत मोटारींचे दिवे बदलून देतात.

दुकानदाराने काचेच्या पेटीत दहा-बारा बल्ब पेटवून ठेवले होते. भर दुपारी त्यांच्याकडे पाहताना डोळ्यांच्या कडा दुखत होत्या.

"मॅडम, हे जुने हॅलोजन फेका आता. हे एलईडी पहा. एकदम व्हाइट. रात्रीचा दिवस होऊन जाईल तुमचा."

"खड्डे दिसतील?"

"खड्ड्यातला बेडूक दिसेल, मॅडम."

"समोरच्याला त्रास नाही ना होणार?"

"समोरचा आपलं पाहून घेईल ना. सगळेच लावून राहिले." आणि बॉनेटमध्ये वाकल्या वाकल्या तो हसत म्हणाला, "तुमी कोणाकोणाची काळजी करसान?"

हा प्रश्न मला त्या क्षणी आवडला होता, हे कबूल करायला हवे. जुने बल्ब त्याने खोक्यात घालून माझ्या हाती दिले. ते मी गाडीच्या पुढच्या खणात टाकले, आणि भावाला कळवले की दिवे बदलले, आता काळजीचे कारण नाही.

पुढच्या रविवारी तो नवा उजेड मी पहिल्यांदा पाहिला. निळसर, थंड, दुधाच्या सायीखाली असतो तसल्या पांढरेपणाचा. बाभळीचा एकेक काटा सुईसारखा उभा राहिला. कापसाचे पुंजके बर्फासारखे चकाकले. एका वडाच्या ढोलीत बसलेला पिंगळाही मी पाहिला. आणि तरीही चाकांपुढची दहा-पंधरा पावले काळीच होती. जणू कोणी तिथे घोंगडी अंथरून ठेवली होती. समोरचे ट्रक आता अधिकच चिडून दिवे मारत होते. मी मनाशी म्हणत होते, या रस्त्यावरची माणसेच उर्मट.

मग एक मोटारसायकल आली. तिचा लहानसा दिवा डावीकडे हलला, उजवीकडे हलला आणि डांबराच्या कडेवरून खाली गेला.

मी गाडी थांबवून धावले. पुरुष उभा होता, धूळ झटकत. बाई मातीत बसली होती आणि तिच्या टोपलीतली वांगी रस्त्यावर सर्वदूर पसरली होती. माझ्या गाडीच्या झोताखालच्या काळोखात ती वांगी पायाला लागली तेव्हाच मला कळली. बाईच्या कोपराला खरचटले होते. मी रुमाल बांधू लागले तर तिने हात ओढून घेतला.

"काहून वं बाई, झाडावरची माकडं मोजून राहिली का?"

"जाऊ दे ना वं," नवरा म्हणाला. "बाईमाणूस हाये."

"बाईमाणूस हाये तं काय झालं? मी का गडीमाणूस हाओ? मले तं काहीच दिसलं नाई, सारं पांढरं फटक." ती माझ्याकडे वळली. "समोरून कोणी आलं का डिप्पर द्यावं, इतकंबी शिकवलं नाई तुले?"

"डिप्परच होता," मी म्हणाले.

ते खरे होते. दिवा मी खालच्याच झोतावर ठेवला होता, आधीपासून. पण तिने माझ्याकडे असे पाहिले की मला स्वतःचाच विश्वास वाटेना. आम्ही दोघींनी गुडघ्यांवर बसून, हातांनी चाचपत वांगी गोळा केली. थंड, गुळगुळीत, देठाला बारीक काटे. शेवटी तिने रुमाल बांधू दिला. मोटारसायकल सुरू होताना तिचा आवाज पुन्हा आला, "माकडं झोपले आता. लाइट खाली घे."

तो आठवडा मला नीट बसू देत नव्हता. वर्गात फळ्याकडे वळले की पाठीमागून पांढरा झोत येतो आहे असे वाटे. बोटांच्या टोकांना वांग्यांचा थंडपणा चिकटून राहिला होता. ती बाई डोक्यावर पडली असती तर, या विचाराला मी दार लावायची आणि तो खिडकीतून आत यायचा. भावाने विचारले, "आता दिसतंय ना?" मी म्हणाले, "लख्ख." एवढा एकच शब्द, पण जिभेवर तो खडूच्या भुकटीसारखा कोरडा पडला.

शनिवारी वडिलांच्या पायांना तेल चोळता चोळता मी सगळे सांगितले. भावाची अट, बैलगाडी, बल्ब, वांगी. ऐकताना त्यांचा तळवा माझ्या हातात स्तब्ध झाला.

"ते बाई काय म्हणाली?"

"माकडं मोजता का म्हणाली."

"म्हंजे उजेड झाडावर व्हता."

"हो. पण डिप्परवर होता, बाबा."

"डिप्पर का अप्पर ते इचारून नाई राहिलो मी," ते म्हणाले. "उजेड झाडावर व्हता. तुले बल्ब बदलाले कोणी सांगतलं? उद्या पाहू."

रविवारी दुपारी त्यांनी अंगणात बॉनेटजवळ खुर्ची मांडायला लावली. आधी ते पांढरे बल्ब काढायचे, असा हुकूम झाला. ते आंधळ्या बोटांनी दिव्याच्या मागची रबरी टोपी शोधत, तारेचा चाप कुठल्या अंगाने दाबायचा ते मला दाखवत राहिले, आणि मी खणातल्या खोक्यातून जुना बल्ब काढला.

"काचेले बोट लावू नोको. बोटाले तेल असते. तिथंच फुटते तो."

मी ओढणीच्या टोकात बल्ब धरला. सकाळीही त्यांच्या पायांना तेल मीच चोळले होते. माझी बोटे खरोखरच तुळतुळीत होती. चाप बसल्याचा बारीक खट आवाज आला तेव्हा त्यांनी समाधानाने नाकातून श्वास सोडला. हा आवाज त्यांनी हजारदा ऐकला असणार.

दिवस मावळायला आला तशी त्यांनी गाडी घराच्या भिंतीसमोर लावायला सांगितली, पंचवीस फुटांवर, सपाट जमिनीवर. अंतर मी दोरीने मोजले. चुलीतला कोळसा घेऊन दिव्याच्या उंचीवर भिंतीवर एक आडवी रेघ ओढली.

"डेपोत आमची अशीच रेघ व्हती," ते म्हणाले. "नवा डायवर आला का पयले भिंतीसमोर. उजेड रेघेच्या खाली पायजे. रेघेच्या वर गेला का तो तुहा नाई, समोरच्याच्या डोयातला."

मी दिवे लावले. चुन्याच्या भिंतीवर दोन पिवळे डाग उमटले आणि त्यांची वरची कडा रेघेच्या चांगली वीतभर वर होती. खिडकीच्या चौकटीला लागली होती. मी पाहून सांगितले. वडील काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून विचार करत राहिले.

"डिक्कीत काय हाये?"

"काही नाही. नेहमीचंच."

"नेहमीचं म्हंजे?"

मी मागे गेले. डिक्की उघडली तेव्हा आतून संत्र्याचा, तागाचा आणि नव्या तांदळाचा वास एकदम अंगावर आला. आमच्याकडे लेक माहेरून रिकाम्या हाताने जात नाही. आई होती तोवर ती भरायची. ती गेल्यावर वडील शेजाऱ्यांकडून भरून घेत. दर रविवारी काहीतरी. आणि मी तिसऱ्या माळ्यावर राहते, तिथे लिफ्ट नाही. संत्री वर जात, भाजी वर जाई. जड ते पुढच्या आठवड्यात नेऊ म्हणून खालीच राही. माझ्या वाट्याचा तांदळाचा एक कट्टा, तागाचे भरलेले पोते. भावाच्या वाट्याचे दोन, तो आला की नेईल म्हणून. आईचे पितळेचे घंगाळ. आणि सर्वांत मागे, पोत्यावर तिरका पडलेला, तिचा पाटा. दिवाळीपासून हे सारे माझ्या पाठीमागे बसून नागपूर ते गाव आणि गाव ते नागपूर फिरत होते.

"काढ बाहेर," वडील म्हणाले. "एकेक."

तेवढ्यात मावशी आली, खांद्यावर पिशवी, सावनेरहून आणलेल्या चिवड्याची पुडी हातात.

"बाबाजी, भिंत काहून खराब करून राहिले? दिवाईलेच चुना मारला ना."

"तू पयले कट्टा धर."

आम्ही दोघींनी पहिला कट्टा उतरवला. गाडीच्या मागच्या भागाने किंचित उसासा टाकल्यासारखे केले आणि भिंतीवरचा उजेड दोन बोटे खाली आला. मावशी थबकली. "आँ? खाली आला का?" दुसरा कट्टा. आणखी दोन बोटे. मी घंगाळ काढले तेव्हा फारसे काही झाले नाही, पण पाटा उतरवला आणि तिसरा कट्टा जमिनीवर टेकला तसे ते दोन्ही पिवळे डाग भिंतीवरून हळूच सरकत कोळशाच्या रेघेखाली जाऊन बसले. मागे वजन, म्हणून गाडीचे नाक वर. नाक वर, म्हणून उजेड बाभळींवर. मी नवे बल्ब लावून तो चुकीच्या जागी पडणारा उजेड फक्त अधिक धारदार केला होता. ट्रकवाले उर्मट नव्हते. मीच त्यांच्या डोळ्यांत दिवा धरून चालले होते आणि ते मला तसे सांगत होते.

अंगणात उतरवलेल्या वस्तूंकडे मी पाहिले. निरनिराळ्या रविवारी आलेल्या त्या वस्तू एकत्र पाहिल्यावर त्यांचा एक वेगळाच अर्थ दिसला.

"बाबा, तांदूळ ठीक आहे. पण पाटा, घंगाळ? हे काहून देऊन राहिले तुम्ही मले?"

त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. दिव्यांच्या उजेडात त्यांच्या पापण्या फडफडत होत्या.

"तुह्या भावाचा फोन आला व्हता मले, दिवाळीच्या आधी. पुण्याले चाला म्हणे. म्या इचार केला, पोरगी किती दिवस या रस्त्यानं येईन. आपल्यापायी कोणी अंधारात काहून जीव घालावा. मंग थोडं थोडं आवरून राहिलो व्हतो." मग जरा खट्याळपणे, "तू ते वरच नेलं नाई म्हंजे."

"तिसऱ्या माळ्यावर पाटा कोण नेईल?"

"मंग सांगाचं ना."

"तुम्ही दिलेलं नको कसं म्हणू?"

मावशी तांदळाच्या कट्ट्यावर टेकून बसली होती. ती म्हणाली, "बापलेक दोघंई सारखेच. एक सांगत नाई, दुसरी इचारत नाई. अन् मी मिक्सरवर चटणी वाटून राहिली, पाटा गाडीत फिरून राहिला."

मी हसले. मी ज्या घरात त्यांना ठेवण्यासाठी बल्ब बदलत होते, खोटे बोलत होते, ते घर ते माझ्याच गाडीत घालून थोडे थोडे रिकामे करत होते. आणि त्याच ओझ्याने मला रस्ता दिसेनासा झाला होता.

"त्याले फोन लाव," वडील म्हणाले.

मी फोन स्पीकरवर ठेवला आणि भावाला सारे सांगितले. 'लख्ख' हा शब्द खोटा होता, हेही. मोटारसायकलवरच्या बाईचेही सांगितले.

"म्हणजे दोष माझ्या तांदळाचा?" तो शेवटी म्हणाला.

"दोन कट्टे तुझे, एक माझा. आणि आईचा पाटा."

"हसू नकोस, ताई. तू मला खोटं सांगितलंस." मग, "संक्रांतीला येतो. रविवारी संध्याकाळी तुझ्या शेजारी बसून तो रस्ता बघतो. मग ठरवू."

"ये," वडील फोनकडे झुकून म्हणाले. "येताना रिकामी बॅग आण. तुहा तांदूळ इथंच हाये."

पाटा मी आणि मावशीने उचलून आत नेला. स्वयंपाकघरात त्याच्या जागी एक चौकोनी फिकट खूण उरली होती. तिच्यावर तो नीट बसला. वडील उंबऱ्यापर्यंत आले, काठीने त्याला टोचून पाहिले आणि म्हणाले, "राहू दे इथंच. नाक वर होते गाडीचं." घंगाळही फळीवर गेले. माझा एक कट्टा मात्र न्यावाच लागला. त्यावर तडजोड नव्हती. तो त्यांनी पुढच्या आसनावर ठेवायला लावला आणि स्वतः वाकून, अडखळत, त्याला पट्टा बांधला.

निघाले तेव्हा सात वाजून गेले होते. पहिल्या वळणावर समोरून एक ट्रक आला. मी स्टिअरिंगवरची बोटे आवळली आणि डोळे आधीच बारीक केले. तो आपला साधा, पिवळा झोत तसाच ठेवून निघून गेला. त्याच्यामागचाही. रस्ता आता चाकांपासून सुरू होत होता. डांबरातल्या भेगा, कडेची माती, एका सायकलचे मागचे चाक, सगळे आपापल्या वेळेला समोर येत होते. बाभळी काळ्या झाल्या होत्या आणि त्यांच्यावरचा कापूस मला दिसत नव्हता.

तरी मन स्थिर झाले नाही. संक्रांतीला अजून तीन रविवार होते. भाऊ शेजारी बसेल, रस्ता पाहील, आणि मग त्याला काय दिसेल ते मी कुठे सांगू शकणार होते? वांगी पसरली होती त्या जागी मी वेग कमी केला. उजेड खाली घेतला आहे, हे सांगायला ती बाई तिथे नव्हती. एक खड्डा आला, मला तो वेळेत दिसला, आणि शेजारचा कट्टा पट्ट्यात किंचित हलून पुन्हा स्थिरावला. मी सवयीने डावा हात त्याच्यावर ठेवला. दिवसभर बंद डिक्कीत तापलेला तांदूळ तागाच्या आत अजून उबदार होता.